खाडी, घाटी, सडा : सिंधुदुर्गातल्या धावण्याच्या वाटा

सिंधुदुर्गात धावायला येणारा माणूस आधी समुद्राकडे जातो. तारकर्लीची पुळण, ओहोटीने घट्ट झालेली वाळू, डावीकडे सुरूचं बन आणि समोर काहीच नाही, हे चित्र मनात धरूनच तो रात्रीच्या गाडीने कुडाळला उतरलेला असतो. या पुस्तकातल्या बहुतेक वाटा मात्र समुद्राकडे पाठ करून सुरू होतात. असं का, ते सांगण्यासाठी ही प्रस्तावना जरा ऐसपैस लिहिली आहे.

आमचा जिल्हा 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. तो नकाशावर पाहिला तर फसगत होते. पश्चिमेला सुमारे 121 किलोमीटरचा किनारा, पूर्वेला सह्याद्रीची भिंत आणि मध्ये एक अरुंद पट्टी. ही पट्टी सपाट असेल असं वाटतं. ती तशी मुळीच नाही. वाघोटण, गड, कर्ली, तेरेखोल या नद्या सह्याद्रीतून निघून पश्चिमेला येतात आणि समुद्राजवळ त्यांच्या खाड्या होतात. दोन खाड्यांच्या मधली जमीन वर उचललेली आहे. तिच्या माथ्यावर जांभ्या दगडाचं पठार असतं, त्याला आम्ही सडा म्हणतो. म्हणजे किनाऱ्याला धरून उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालेल्या माणसाला सतत एकच गोष्ट करावी लागते : खाडीत उतरायचं, सड्यावर चढायचं, पुन्हा खाडीत उतरायचं.

गावंही याच घडणीवर बसलेली आहेत. सगळ्यात खाली खाजण आणि भाताचा मळा. त्याच्या वर उताराला माड-पोफळींच्या सावलीत वाड्या. आणखी वर काजू-आंब्याची भरड आणि माथ्यावर उघडा कातळ. या मजल्यांना जोडणारी जी चढणीची वाट, ती घाटी. बऱ्याच घाट्या जांभ्यात खोदलेल्या असतात, पायऱ्या मध्यभागी झिजून खोलगट झालेल्या. दोन्ही बाजूंना खांद्याएवढे गडगे, वर करवंदीची जाळी आणि पावसाळ्यात त्याच घाटीतून वाहणारं पाणी. इथला मार्ग किती किलोमीटरचा आहे हे विचारून फारसं काही कळत नाही. त्यात घाट्या किती, हे विचारावं. म्हणून या पुस्तकात प्रत्येक मार्गाच्या डोक्यावर अंतराच्या आधी घाट्यांची संख्या दिली आहे, आणि हाच या पुस्तकाचा मुख्य आग्रह आहे.

डोंगरावरचं धावणं महाराष्ट्राला नवीन नाही. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून होते आणि यवतेश्वरच्या घाटाने हजारो लोकांना चढणीची ओळख करून दिली. पण तिथला हिशेब सरळ आहे : जाताना चढायचं, येताना उतरायचं. एक लय धरून अर्धी शर्यत काढता येते. सिंधुदुर्गात लय धरायला जागाच मिळत नाही. चढण सात-आठ मिनिटांत संपते, सड्यावर पाय मोकळे होतात न होतात तोच उतार लागतो आणि खाली साकव ओलांडला की पुन्हा पायऱ्या. दर थोड्या वेळाने पावलाची लांबी बदलावी लागते, श्वास बदलावा लागतो. नव्या माणसाला दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या चढण्यामुळे नव्हे, उतरण्यामुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो आणि त्यातून येणारं दुखणं एक-दोन दिवसांनी कळस गाठतं. हेच स्नायू थोड्या दिवसांनी त्याच उताराला फार कमी कुरकुरतात. पहिल्या आठवड्यात उतार चालत उतरा, हा सल्ला म्हणूनच पुस्तकात पुन्हा पुन्हा येईल.

अशा वाटांसाठी जगभरातले धावपटू भूमध्य समुद्राच्या काठाला जातात. ग्रीसमध्ये, इटलीत, स्पेनच्या बेटांवर समुद्र आणि डोंगर असेच एकमेकांना खेटून आहेत. उतारावर दगडी बांध घालून केलेल्या ऑलिव्ह आणि द्राक्षांच्या बागा, मधून पूर्वीच्या खेचरांच्या वाटा. मॅरेथॉन गावाहून अथेन्सला जाणारा मूळ मार्गसुद्धा सपाट नाही. दहाव्या किलोमीटरच्या सुमाराला जो चढ लागतो, तो तिसाव्यापर्यंत पाठ सोडत नाही. अथेन्स ते स्पार्टा ही 246 किलोमीटरची स्पार्टाथलॉन 1983 पासून भरते, ती द्राक्षमळ्यांतून जाते आणि रात्री एक डोंगर ओलांडते. आमच्याकडे ऑलिव्हच्या जागी काजू आहे आणि बांधाच्या जागी गडगा. जमिनीचा उंचसखलपणा मात्र तिथल्या माणसाला ओळखीचा वाटेल.

हवा मात्र अगदी उलटी. तिकडे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. इकडे जूनपासून चार महिने पाऊस आणि एरवीही हवेत समुद्र मुरलेला. कोरड्या हवेत घाम अंगावरच उडून जातो आणि अंग थंड ठेवतो. आमच्याकडे तो उडत नाही, नुसता ओघळतो. पाणी गेलं ते गेलंच, अंग काही निवत नाही. त्यामुळे तिकडच्या पुस्तकांतली वेगाची आणि पाण्याची कोष्टकं इथे जशीच्या तशी लावली तर एप्रिलमध्ये माणूस आडवा पडेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे धावण्याचे खरे महिने. ऑक्टोबरात पाऊस सरलेला असला तरी वाफ बाहेर पडत असते. मार्चनंतर सूर्य वर यायच्या आत सड्यावरून खाली उतरलेलं बरं, कारण कातळ तापायला वेळ लागत नाही आणि वर सावली नसते, पाणी तर नसतंच.

पायाखालच्या या दगडाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. जांभा हा खडक उष्ण आणि पावसाळी हवेत लाखो वर्षं झिजून तयार झाला आहे. पाण्याबरोबर बाकीची द्रव्यं वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. म्हणून तो लाल आणि भोकाभोकांचा. चिरा म्हणून खाणीतून कापून काढतात तो हाच, आमची घरं त्याचीच. कोरडा असताना जांभ्याइतकी पकड देणारी जमीन मला दुसरी माहीत नाही. बूट घसरत नाही, पण तळवा किसणीवर घासल्यासारखा झिजतो. तोच दगड जुलैत शेवाळला की त्याच्यावर उभं राहणंही अवघड. पावसात घाटी उतरायची असेल तर गडग्याला हात लावून, एकेक पायरी, आणि धावण्याचा विचार सोडून.

तरीही पावसातला सडा बघायला वर जरूर जावं. मे महिन्यात जिथे भाजलेल्या दगडाशिवाय काही नव्हतं, तिथे जूनमध्ये दिपकाडीची पांढरी फुलं उभी राहतात. ही वनस्पती कोकण-गोव्याच्या सड्यांबाहेर सापडत नाही. श्रावणाच्या सुमाराला सीतेच्या आसवांची निळी चादर आणि गेंदांचे पांढरे ठिपके. ही सगळी दुनिया कातळावरच्या बोटभर मातीत जगते. एका बुटाच्या घसरणीने तिची साल निघते. पावसाळ्यात सड्यावर मळलेली वाट सोडून एक पाऊलही बाजूला टाकू नये, ही माझी विनंती आहे. काही सड्यांवर याच्याहूनही जुनं काही आहे. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर कातळात कोरलेली माणसं आणि प्राणी आहेत. युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत कोकणातली जी कातळशिल्पं गेली, त्यांत कुडोपीचं नाव आहे. त्या जागेपासून पुस्तकातला मार्ग मुद्दाम लांबून नेला आहे. तिथे जायचं ते चालत, बघायला.

या वाटा पाडल्या कोणी? किनाऱ्यावरून डोक्यावर मासळीची पाटी घेऊन वरच्या गावांत जाणाऱ्या बायकांनी. आठवडा बाजाराला निघालेल्या शेतकऱ्यांनी. वेंगुर्ला बंदरात उतरलेला माल रामघाटाने आणि नंतर आंबोलीमार्गे बेळगावला नेणाऱ्या बैलांनी. आणि दशावतारी नटांनी. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला जत्रा सुरू झाल्या की मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर अशा मंडळ्या एका गावात रात्रभर नाटक करायच्या आणि सकाळी पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची घाटी चढायच्या. रात्री राजा झालेला माणूस दिवसा पाच-सहा कोस चालायचा. मोटारीचा रस्ता खाडीला वळसा घालून, पूल गाठून, सावकाश वर चढतो. पायी चालणाऱ्याला एवढा वेळ नव्हता. त्याची वाट सरळ वाडीतून वर आणि सरळ पलीकडच्या वाडीत खाली. आज गाडीने अर्धा तास लागणारं दुसरं गाव घाटीने हाकेच्या अंतरावर निघतं, हे पाहून बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. घराघरांत दुचाकी आल्यापासून या वाटांवरचा राबता कमी झाला. दोन पावसाळे कोणी चाललं नाही की रान वाट गिळतं. धावणारे हे आज या वाटांच्या थोड्या उरलेल्या वापरकर्त्यांपैकी आहेत. आम्ही हे पुस्तक तयार करायला घेतलं त्यामागे हीच काळजी होती.

पायी फिरण्याचा मान या भागात किती मोठा, ते आरवलीला जाऊन पाहावं. वेंगुर्ला तालुक्यातल्या या गावात वेतोबाचं देऊळ आहे. लोक त्याला नवस फेडताना केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला. देव रात्री गावाच्या सीमेवर फेरी घालतो आणि चालून चालून त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. देवळात मांडलेले ते जोड बघताना मला नेहमी वाटतं की आपल्या गावाची हद्द रोज पायांनी मोजणारा राखणदार असलेल्या मुलखात धावण्याची आवड वेगळी समजावून सांगावी लागू नये.

तरी ती सांगावी लागते. पहाटे एखाद्या वाडीतून जाताना खळ्यात उभी असलेली आजी विचारणारच, “धावतंस कित्याक रे? कोण पाठी लागलो काय?” या प्रश्नाला थांबून उत्तर द्यावं. कानात गाणी घालून पुढे निघून जाणं इथे उद्धटपणा ठरतो. वाटेचा निम्मा भाग कोणाच्या तरी अंगणाला लागून, कोणाच्या तरी बागेतून जातो. ती सार्वजनिक वाट असली तरी ओळखीने सार्वजनिक राहिलेली आहे. “वायच थांब, पाणी पी” असं म्हणणारं घर प्रत्येक घाटीच्या तोंडाशी आहे. आंब्याच्या हंगामात, म्हणजे फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत, बागांना राखण असते. तेव्हा मांगराजवळ हाक देऊन, विचारून पुढे जावं.

या जिल्ह्यात सगळ्यात गंभीरपणे धावतात ते पर्यटक किंवा माझ्यासारखे हौशी लोक नव्हेत. ती पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली आहेत. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय दोघांनाही 100 मीटर. त्यासाठी हायस्कूलच्या मैदानावर आणि सड्यावरच्या डांबरी रस्त्यावर अंधारातच त्यांचे घोळके दिसतात, कित्येकांच्या पायांत साधे कॅनव्हासचे बूट. ती सपाटीवर धावतात, कारण परीक्षा सपाटीवर असते. मला त्यांना सांगायचं आहे की आठवड्यातून एकदा घाटी करा. दोन-तीन मिनिटांची तीव्र चढण, खाली चालत यायचं, पुन्हा वर. मैदानावरच्या शेवटच्या दोनशे मीटरला जी ताकद लागते, ती इथे फुकट मिळते. पुस्तकाच्या शेवटच्या भागात अशा छोट्या घाट्या गाववार दिल्या आहेत, त्या या मुलांसाठी.

आता समुद्राबद्दल. वाळूवर धावायला घट्ट जमिनीपेक्षा सुमारे दीडपट ताकद खर्च होते, हे मोजून सिद्ध झालेलं आहे. मऊ वाळूत घोटा दर पावलाला वेगळ्या कोनात पडतो. ओहोटीच्या ओल्या पट्ट्यावर जमीन टणक असते, पण ती समुद्राकडे कललेली असते, त्यामुळे एक पाय सतत खाली आणि कंबर वाकडी. अर्धं अंतर जाऊन त्याच पट्ट्याने परत यावं, म्हणजे कल दोन्ही पायांत वाटला जातो. शिवाय भरती-ओहोटी कोणासाठी थांबत नाही. ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पहाटे पाणी बरंच आत गेलेलं असतं आणि रुंद पुळण मिळते. अष्टमीच्या सुमाराला मात्र पहाटे भरती असते आणि धावायला फक्त मऊ वाळू उरते. घरात कालनिर्णय असेल तर वेगळं ॲप लागत नाही. रापण ओढणं चालू असेल तर थांबून राहावं. दोर ताणलेला असताना माणसांच्या मधून घुसू नये. हिवाळ्यात वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तिथे रात्री विजेरी घेऊन धावणं टाळावं.

मार्गांची यादी पुढे आहे, सगळ्यांची ओळख इथे करून देत नाही. दोन-तीन माझ्या जवळचे आहेत, त्यांच्याबद्दल लिहितो. मालवणातून कुंभारमाठची चढण चढून आनंदव्हाळ, चौके आणि धामापूर हा पहिला. धामापूरचा तलाव 1530 मध्ये नागेश देसाई यांनी बांधला असं मानलं जातं. दोन डोंगरांच्या मध्ये मातीचा बांध, काठाला भगवतीचं देऊळ आणि पाण्यापर्यंत उतरलेल्या पायऱ्या. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तलावाच्या बाजूने झाडीतून जाताना एकदम गारवा लागतो. उन्हाच्या दिवसांतही धावता येईल अशा थोड्या जागांपैकी ही एक. पुढे नेरूरपारला कर्ली नदीवर उतरता येतं.

दुसरा मसुऱ्याचा. गड नदीच्या खाडीवर एका काठाला भरतगड, समोरच्या काठाला भगवंतगड. वाडीकर सावंतांनी भरतगड बांधला आणि त्याला शह म्हणून समोरचा उभा राहिला. तोफा कधीच गप्प झाल्या, पण दोन्ही टेकड्या अजून एकमेकींकडे बघत आहेत. पायथ्याच्या वाडीतून भरतगडाची वाट निघते ती सुरुवातीला इतकी सौम्य असते की माणूस वेग घेतो. मग पायऱ्या येतात. तटाच्या आत आंब्याची बाग आहे, वाळलेली पानं पायाखाली वाजतात, आणि तटावर आलं की खाली खाडीचा वळसा, मळ्यांचे चौकोन, माडांची रांग आणि लांब तोंडवळी-तळाशीलची वाळूची चिंचोळी पट्टी, जिच्या एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. खाडी, घाटी आणि सडा एका नजरेत बघायचे असतील तर ही जागा. दोन्ही काठांचे मार्ग वेगवेगळे दिले आहेत, एका सकाळी एकच करावा.

तिसरा परुळ्याहून भोगव्याला उतरणारा. परुळे-चिपीच्या ज्या सड्यावर 9 ऑक्टोबर 2021 पासून विमानं उतरू लागली, तो सडा किती सपाट आहे हे सांगायला वेगळा पुरावा नको. त्याच्या कडेवरून भोगव्याकडे उतार सुरू होतो तेव्हा कर्लीचं मुख, देवबागचं टोक आणि निवतीचा किल्ला एकदम समोर येतात. उतार तीव्र आहे, नजर रस्त्यावर ठेवावी.

आंबोलीचा विभाग वेगळा ठेवला आहे. सुमारे 690 मीटर उंचीवरचं हे गाव वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेतं. दाणोलीहून घाट चढत जाणं हे लांब आणि सलग चढणीचं धावणं आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी धबधब्याच्या गर्दीत तिथे पाऊल टाकू नये, त्यापेक्षा वरच्या चौकुळच्या रस्त्याने जावं. पावसाच्या रात्री आंबोलीच्या रस्त्यावर बेडूक बाहेर येतात. आंबोली टोड हा तर जगात याच भागातला. अंधारात पावलं जपून टाकावीत.

काही गोष्टी मुद्दाम वगळल्या. मुंबई-गोवा महामार्गाचा एक मीटरही या पुस्तकात नाही. चिऱ्याच्या खाणींकडे जाणारे डंपरचे रस्तेही नाहीत. दोडामार्ग तालुक्यात तिलारी परिसरात 2002 पासून हत्तींचा वावर आहे, तिथे एकट्याने पहाटे धावण्याचा मार्ग सुचवणं मला योग्य वाटलं नाही. सड्यावर फुरसं असतं. ते लहान, मातीच्या रंगाचं आणि दगडाखाली बसणारं आहे. अंधारात वर जायचं तर विजेरी हवी आणि दगडांच्या ढिगावर न बघता टेकू नये. दंश झालाच तर धावत खाली येऊ नका, माणूस बोलवा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा.

खाण्याबद्दल पुस्तकात वेगळं प्रकरण नाही, कारण घरात उकड्या तांदळाची पेज असते. निघण्याआधी तासभर एक वाटी पातळ पेज, चिमूटभर मीठ घालून. पोटाला जड नाही, साखर हळू उतरते आणि घामाने जाणार असलेलं मीठ आधीच पोटात गेलेलं असतं. परत आल्यावर तीच पेज घट्ट, सोबत सुकटाची चटणी किंवा लोणच्याची फोड. शहाळं मिळालं तर उत्तम, नाहीतर कोकमाचं पाणी.

एक शेवटची सूचना. इथले मार्ग हिवाळ्यात तपासलेले आहेत. पावसाळ्यानंतर गवत कमरेपर्यंत वाढतं, एखादा साकव वाहून जातो, घाटीत दरड येते. गावची जत्रा जवळ आली की गावकरी वाट साफ करतात, त्याआधी ती बंद असू शकते. भातलावणीच्या दिवसांत मेरेवरून धावू नये, ओली मेर पावलाने खचते आणि शेजारच्या कुणग्याचं, म्हणजे भातखाचराचं, पाणी फुटतं. म्हणून कुठलाही मार्ग धरण्याआधी वाडीत एकदा विचारावं, “घाटी मोकळी आसा काय?” पुस्तकात काहीही छापलेलं असो, त्या दिवशी मिळेल ते उत्तर धरून चालावं.